वाखाणलेलं आकाश

टॅलबट्स हार्बरमध्ये अर्डिस पिंकहॅमला पाठीमागे सगळे ‘किंमतवाली’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी जायचं, आणि मग हिलाच बोलवावं लागायचं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर माणूस गेलं की मागे उरलेली कपाटं, घड्याळं, गोधड्या, आजोबांची दुर्बीण, भिंतीवरची चित्रं यांची किंमत ठरवून कागदावर लिहून देणं हा तिचा धंदा. बहात्तराव्या वर्षीही ती आपली जुनाट गाडी स्वतः हाकत यायची आणि भिंग, फुटपट्टी, टॉर्च घेऊन दारात उभी राहायची. बोलणं कमी, आणि असेल तेवढं तोडून. “हे घड्याळ बंद पडलंय. चालत होतं तेव्हाही काही फार नव्हतं,” असं ती नुकत्याच विधवा झालेल्या बाईला सांगून मोकळी व्हायची. लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी बोलवायचे तिलाच. शहरातून येणारे गोडबोले निम्म्या किमतीत माल उचलून नेतात, हे सगळ्यांना अनुभवाने कळलं होतं.

तिची आई सार्डिनच्या कारखान्यात उभी राहून कात्रीने माशांची मुंडकी उडवायची. अर्डिसनेही चार उन्हाळे तेच केलं. पाचव्या उन्हाळ्यात एका लिलाववाल्याकडे चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं, तेव्हा तिने कात्री ठेवली ती कायमची. त्या लिलाववाल्याने तिला एकच गोष्ट शिकवली. “तोंड सगळे धुतात, पाठ कुणी धूत नाही.” खुर्ची असो की चित्र, आधी उलटं करायचं. खिळे कसले, लाकूड कुठलं, कोणत्या दुकानाची चिठ्ठी डकवलीय, ते बघायचं, आणि मगच तोंडाकडे वळायचं. पुढे चाळिशीत ती बॉस्टनला जाऊन रीतसर परीक्षा पास झाली, शिक्का मिळाला, हार्डवेअरच्या दुकानावरच्या माडीवर पाटी लागली.

शिक्का नवीन होता तेव्हाची, १९९४ सालची गोष्ट आहे. नवा शिक्का हातात आलेल्या माणसाला काय होतं, ते सांगायला नको.

शंभर वर्षांमागे त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून चित्रकार यायचे. पॅरिस बघून आलेले, खडक त्रिकोणी आणि समुद्र जांभळा काढणारे. गावकऱ्यांना वाटायचं, बिचाऱ्यांना नीट दिसत नसावं. राहण्या-जेवण्याचे पैसे संपले की ते चित्र देऊ करायचे, आणि घरमालकिणीही घ्यायच्या, कारण ज्यावर काढलेलं असायचं ती फळी चांगली असायची. त्यांतलाच एक थिओडोर क्रेल. १९१६ आणि १७चे उन्हाळे तो फॉस कुटुंबाच्या घरी राहिला, पुढच्या वर्षी साथीच्या तापाने मेला. मेल्यावर मोठा झाला. चित्रं मोजकीच मागे राहिली, म्हणून भाव चढला, आणि ‘हे क्रेलचं’ म्हणून दावा सांगणारेही वाढले.

फॉसांच्या स्वयंपाकघरात तसं एक चित्र होतं. चुलीचं धुराडं पूर्वी ज्या भोकातून भिंतीत शिरायचं, ते भोक झाकायला ते लावलेलं. खाली खडक, मधे घराखालचा बोटींचा धक्का, वर आकाश. सही नाही. म्हाताऱ्या एल्वायरा फॉसने १९९४मध्ये अर्डिसला बोलावलं ते विम्याच्या कागदासाठी. अर्डिस म्हणाली, “खाली काढूया, मिसेस फॉस. मला पाठ बघायची आहे.”

“काढायचं नाही हं,” एल्वायरा म्हणाली. “मागे सगळी काजळी आहे. भिंत परवाच रंगवलीय. खुर्चीवर चढ आणि बघ काय बघायचं ते.”

समोर शाळेतली मैत्रीण नेटी उभी, टेबलावर ब्लूबेरीचा केक कापून ठेवलेला, कोपऱ्यात नेटीचा थोरला भाऊ डेल्बर्ट लॉबस्टरच्या पिंजऱ्यांची जाळी विणत बसलेला. मैत्रिणीच्या आईशी हुज्जत कोण घालणार? अर्डिस खुर्चीवर चढली. वीस मिनिटं टॉर्च मारून बघितलं. खडक क्रेलचेच, यात तिला तिळमात्र शंका वाटली नाही. आणि आकाश बघून तर ती खूशच झाली. जुनेपणाने पिवळट पडलेला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच एक पांढरा रंग. ना ढग, ना छटा. माडीवर जाऊन तिने टाइपरायटरवर लिहिलं, ‘आकाशाचा धीट, सपाट पांढरा पट्टा निसर्गाची नक्कल करण्यास साफ नकार देतो. सही नसली तरी हे आकाश हीच चित्रकाराची सही होय. थिओडोर क्रेल, १९१७ च्या सुमारास. किंमत पंच्याऐंशी हजार डॉलर.’ खाली शिक्का. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने ते फॉसांच्या टेबलाशी मोठ्याने वाचूनही दाखवलं. केक पुन्हा मिळाला.

पुढच्याच वर्षी एल्वायराने मृत्युपत्र केलं. घर आणि धक्का डेल्बर्टला, चित्र नेटीला. घराची किंमत तेव्हा नव्वद हजार होती. वकिलाने कागद समोर ठेवून पाहिले आणि म्हणाला, वाटणी अगदी सारखी आहे.

एल्वायरा त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. शेवटची अकरा वर्षं अंथरुणावर. डेल्बर्ट खाडीपलीकडे स्वतःच्या घरी राहायचा, रोज पहाटे धक्क्यावर येऊन बोट घेऊन जायचा, खिडकीतून हात करायचा. आईला उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं सगळं नेटीने केलं. तिचं लग्न झालं नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी तिने त्यासाठी दोन वर्षं आधी सोडली. लोक म्हणायचे, नेटी आहे म्हणून म्हातारी टिकलीय. डेल्बर्टही म्हणायचा. म्हणायला काय जातं?

अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन एल्वायरा फेब्रुवारीत गेली. एप्रिलमध्ये नेटी अर्डिसच्या माडीवर आली. डेल्बर्टने तिला ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली होती. नातू लग्न करून त्या घरात राहायला यायचा होता. नेटीचा बेत ठरलेला होता. चित्र विकायचं, गावातच चर्चमागे दोन खोल्यांचं घर विकायला होतं ते घ्यायचं.

“तू पोर्टलंडचं कुणीतरी गाठ,” अर्डिस म्हणाली. “मैत्रिणीच्या मालाची किंमत मी करू नये.”

“मागच्या वेळी तूच केलीस ना?”

“म्हणून तर.”

“अगं, तू सांगितलंस क्रेल, म्हणून क्रेल. आता दुसऱ्या कुणी येऊन काही वेगळं सांगितलं, तर मी त्याला दाराबाहेर काढीन. तूच ये. आणि आता काढायला कुणाची बंदी नाही.”

त्या ‘म्हणून क्रेल’नंतर अर्डिसने वहीत दुसऱ्या दिवसाची वेळ लिहून घेतली. एकोणतीस वर्षांत त्या कागदाची आठवण तिला अधूनमधून व्हायची, दाढेत अडकलेल्या काडीसारखी. पाठ न बघता शिक्का मारलेला तो तिचा एकुलता एक कागद होता.

दुसऱ्या दिवशी नेटीने स्वतःच चित्र उतरवलं. मागे खरंच काजळी होती. पुसल्यावर न्यूयॉर्कच्या रंगवाल्या दुकानाची चिठ्ठी निघाली, पत्ता जुना, क्रेलच्या काळातलाच. लाकूड बरोबर, खिळे बरोबर. आणि चिठ्ठीच्या खाली चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर निळ्या शाईत ‘नेटी’. त्या बाजूच्या म्हाताऱ्या बायका जिवंतपणीच घरातल्या एकेका वस्तूच्या पाठीवर अशी नावं चिकटवून ठेवतात, म्हणजे मागाहून भांडणं नकोत. एल्वायराच्या घरात चहाच्या किटलीखालीसुद्धा पट्टी होती. बहुतेक पट्ट्यांवर डेल्बर्टचं नाव होतं.

“बघ,” नेटी म्हणाली. “स्वतःच्या हाताने लिहिलंय.” तिने पट्टीवरून अंगठा फिरवला. अर्डिसने ते पाहिलं आणि भिंग पुसायला घेतलं.

पाठ चोख निघाली, म्हणून जरा हायसं वाटून तिने चित्र अंगणात उजेडाला नेलं आणि तोंडाकडे वळली. उन्हात खडक मातीसारखे मऊ दिसत होते, रंगावर रंग थापलेला, मधूनमधून फळी दिसणारी. आकाश मात्र चकाकत होतं. जवळ नेऊन तिरपं धरलं, तर रंगाखाली बारीक समांतर ओरखडे, एका दिशेने गेलेले. आत जाऊन पडदे ओढले, जुना आणि नवा रंग वेगवेगळे चमकवणारा जांभळा दिवा लावला. खडकांनी एक रंग दाखवला, आकाशाने भलताच.

“काय गं?” नेटीने विचारलं.

“पोर्टलंडला तपासायला पाठवते. एवढ्यात काही बोलत नाही.”

पोर्टलंडच्या प्रयोगशाळेने जूनमध्ये उत्तर पाठवलं. आकाशातला पांढरा रंग ज्या भुकटीपासून केलेला आहे, ती क्रेल मेल्यानंतर काही वर्षांनी बाजारात आली. तोवर अर्डिसने न्यूयॉर्कातल्या मंडळालाही फोटो पाठवले होते. क्रेलची खरी चित्रं कोणती याची यादी ठेवणारं हे मंडळ. त्यांनी जुलैमध्ये दोन ओळींचं पत्र लिहिलं, चित्र यादीत घेता येत नाही. कारण दिलं नव्हतं. ते कधीच देत नाहीत.

दुसरा कुणी असता तर त्याने इथेच फाइल बंद केली असती. नक्कल आहे, मागच्या वेळी चूक झाली, क्षमस्व. अर्डिसनेही एक संध्याकाळ तसं करायचं ठरवलं. पण खडक तिला गप्प बसू देईनात. नक्कल करणारा माणूस खडक इतके जिवंत काढून आकाश इतकं मेलेलं कशाला काढील? तिने चित्र पुन्हा टेबलावर ठेवलं आणि भिंगातून आकाशातले कुंचल्याचे फटकारे एकेक करून बघितले. सगळे आडवे, लांब, हात न उचलता ओढलेले, आणि प्रत्येकाच्या शेवटी कुंचला अलगद उचललेला, जोड दिसू नये म्हणून. तिला हा हात ओळखीचा वाटला. चित्रकाराचा म्हणून नव्हे. दर एप्रिलला त्या गावचे बाप्ये ओळीने किनाऱ्यावर उभे राहून बोटीच्या फळ्यांना असाच रंग ओढतात. लहानपणापासून ती ते बघत आली होती. आणि रंगाखालचे ते ओरखडे पॉलिश पेपरचे होते.

ती खुर्चीवर टेकली. आपण काय वाखाणलं होतं ते आता तिला कळलं. हसू यावं की रडू, तिला समजेना. आधी हसूच आलं, एकटीच होती म्हणून. मग चर्चमागचं दोन खोल्यांचं घर आठवलं आणि ते थांबलं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, तिने नेटीच्या स्वयंपाकघरात दोघा भावंडांना एकत्र बोलावलं. नेटीने काकवीची बिस्किटं काढली, कॉफी ओतली. डेल्बर्ट बूट दाराशी काढून आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दोरखंड ओढून ओढून बोटं वाकडी झालेली, पण पाठ ताठ.

“काय अर्डिसबाई,” तो बसता बसता म्हणाला, “किती शून्यं वाढली? माझी बहीण बॉस्टनला बंगला घेणार म्हणतात.”

“तू बिस्किट खा,” नेटी म्हणाली.

अर्डिसने चित्र टेबलावर दूध-साखर बाजूला सारून ठेवलं आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. प्रयोगशाळा, मंडळाचं पत्र, सगळं. “खालचा अर्धा भाग मला अजून क्रेलचा वाटतो. पण वरचं आकाश त्याचं नाही, आणि त्या आकाशामुळे आता खालचंही कुणी मानणार नाही. ‘क्रेलचं असावं’ एवढंच लिहिता येईल. लिलावात तीन हजार, नशीब असेल तर चार. एकोणतीस वर्षांपूर्वी मी लिहून दिलं ते चूक होतं.”

नेटीने हातातली कॉफी खाली ठेवली. “चार हजार?”

“चार.”

“म्हणजे घर नाही.”

“या पैशात नाही.”

डेल्बर्ट कॉफीत बिस्किट बुडवत होता. ते तुटून आत पडलं आणि तो चमच्याने शोधत राहिला.

“डेल,” अर्डिस म्हणाली, “हात पूस आणि इकडे बघ. मला एवढंच सांग, हे काम कुणाचं? कुणीतरी फार घिसाडघाईने केलंय. पटकन काहीतरी फासून मोकळा झालाय.”

डेल्बर्टची मान वर आली. “घिसाडघाई?”

“नाहीतर काय?”

“आधी घासलंय नीट. दोन नंबरचा पेपर मारलाय, वर बारीक. प्रायमर दिलाय. दोन हात मारलेत, मधे एक दिवस वाळू देऊन.” बोलताना त्याचा वाकडा अंगठा आकाशावर टेकला होता. “बासष्ट वर्षं झाली. कुठे पोपडा सुटलाय? दाखव मला.”

मग त्याने अंगठा झटकन मागे घेतला.

“तू?” नेटी म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. डेल्बर्टने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो सोळा वर्षांचा असताना, १९६१च्या वसंतात, धुराडं पेटलं आणि त्या भोकातून काजळीचा लोट आला. चित्राचा वरचा भाग काळाठिक्कर. चित्र होतं आजीचं, म्हणजे एल्वायराच्या सासूचं. क्रेलने तिच्या हातात दिलेलं. सासू तेव्हा लेकीकडे गेली होती, पंधरा दिवसांत परत यायची होती. सासूच्या धाकाने एल्वायराने कपड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन ते खसाखसा धुतलं, तसा काजळीबरोबर रंगही निघाला. ती पदरात निखारा पडल्यासारखी घाबरली. बाहेर डेल्बर्ट बापाच्या बोटीला पांढरा रंग देत होता. तिने त्याला हाक मारली.

“म्हणाली, हे बोटीसारखं नीट करून दे. मी दिलं नीट करून. आजीला तोवर दिसतच नव्हतं धड. काही कळलं नाही तिला.”

“सही होती?” अर्डिसने विचारलं.

“वरच्या कोपऱ्यात काहीतरी अक्षरं होती. गिचमिड. घासताना गेली.”

अर्डिसने डोळे मिटून घेतले. अक्षरं होती म्हणजे पंच्याऐंशी हजार काय, आजच्या भावाने त्याच्या कितीतरी पट. एका पोराने चोख काम करून सगळं घासून काढलं होतं. आळशी असता तर बरं झालं असतं.

“आणि मी आकाश वाखाणलं, तेव्हा तू त्या कोपऱ्यात बसला होतास,” ती म्हणाली.

“होतो ना. काय वाचलंस ते! धीट आकाश.” तो हसायला गेला. “सोळा वर्षांचा होतो, धीट असणारच. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्याकडे बघितलं. मग मी जाळी विणत राहिलो.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. एल्वायराची मूठ झाकायला अर्डिसचा शिक्का उपयोगी पडला. काजळीचं कारण सांगून म्हातारीने चित्र खाली काढून उजेडात का नेऊ दिलं नाही, याचा उलगडा टेबलाभोवतीच्या दोघींना एकदमच झाला. नेटीचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“मृत्युपत्राच्या वेळी तरी बोललास?” तिने विचारलं.

“बोललो. नाही असं नाही. मी म्हटलं, आई, ते तर मी रंगवलेलं आहे. म्हणाली, शिक्क्याचा कागद आहे ना? नेटीला कागद आहे, तुला घर आहे. वकिलालाही पटलंय. तू मधे बोलू नकोस.”

“आणि तू नाही बोललास.”

“मला धक्का हवा होता, नेटी.” त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. “बाकी काही मनात नव्हतं. धक्क्याशिवाय मी काय करणार?”

नेटी उठली. अर्डिसला वाटलं, आता ही काहीतरी फेकणार. पण तिने फक्त कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलं. “अकरा वर्षं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं तिची कूस बदलली मी. हॅडॉक माशाचे काटे काढून काढून भरवलं. शेवटच्या महिन्यात ती मला म्हणायची, नेटी, तुझी सोय मी करून ठेवलीय. रोज म्हणायची. आणि मी म्हणायची, हो आई.”

डेल्बर्टची टोपी गुडघ्यावरून खाली पडली, ती त्याने उचलली नाही.

“तू राहा इथेच,” तो शेवटी म्हणाला. “पोरगा दुसरीकडे बघेल. मला धक्क्यापर्यंत जायला वाट ठेव, म्हणजे झालं. कोण काढतंय तुला?”

“तूच काढत होतास. ऑक्टोबरात.”

“आता नाही काढत.”

“ते वकिलासमोर सांग. उद्या.”

“उद्या सकाळी पिंजरे ओढायचेत.”

“मग दुपारी.”

“दुपारी,” डेल्बर्टने मान हलवली. “घर तुझ्या नावावर, धक्का माझ्या. चालेल?”

नेटी फडक्याने टेबलावरचा चुरा पुसत राहिली. अर्डिसला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. छप्पर राहिलं, हेच तर पाहिजे होतं. अर्डिसने मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडलासुद्धा आणि कागद आवरायला घेतले. पण नेटी तिच्याकडे वळली.

“तू आता नवीन कागद लिहिशील ना? चार हजारांचा?”

“लिहीन. आधीचा रद्द म्हणूनही लिहीन.”

“त्यात लिही, आईला ठाऊक होतं.”

“नेटी, असं लिहीत नाहीत गं. त्यात वस्तूबद्दल लिहायचं. माणसांबद्दल नाही.”

“मग माणसांबद्दल कुठे लिहितात?” नेटीने विचारलं. “पुरायच्या दिवशी चर्चमध्ये पाद्री म्हणाला, ममताळू आई. थडग्याच्या दगडावर डेलने कोरून घेतलंय, ममताळू आई. मृत्युपत्रात आहे, माझ्या दोन्ही लेकरांना सारखं. सगळीकडे तेच लिहिलंय, अर्डिस. एका तरी कागदावर खरं असू दे. मी कुणाला दाखवणार नाही. पण असू दे.”

डेल्बर्ट खाली बघत होता. आईबद्दलचं हे बोलणं त्याने एरवी ऐकून घेतलं नसतं.

अर्डिसच्या कागदात एक रकाना असतो, वस्तू कुणाकडून कुणाकडे आली आणि तिचं वाटेत काय काय झालं, त्याचा. तिथे लोक सहसा दोन ओळी लिहितात. तिने पेन काढलं, कोरा कागद ओढला आणि तिथेच, बिस्किटांच्या ताटलीशेजारी, लिहायला घेतलं. सवयीप्रमाणे सावकाश, अक्षर न अक्षर सुटं. मधे एकदा तिने डेल्बर्टला बोटीच्या रंगाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. एकदा विचारलं, धुराडं पेटलं तो महिना कोणता? एप्रिल, तो म्हणाला. ती फक्त एवढंच विचारत होती, पण प्रत्येक प्रश्नाला त्याची मान आणखी खाली जात होती.

लिहून झाल्यावर तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. “तू साक्षीदार. सही कर.”

त्याने ओठ हलवत सगळं वाचलं, वाकड्या बोटांत पेन धरून सही केली, टोपी उचलली आणि दाराशी बूट घालायला गेला. बूट घालायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

नेटीने कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचू लागली. ग्रंथालयात मुलांना वाचून दाखवायची तशी, स्वच्छ आवाजात.

“‘थिओडोर क्रेल याने १९१७ साली हे चित्र फॉस कुटुंबास दिले असावे. एप्रिल १९६१मध्ये काजळीने खराब झाल्यावर श्रीमती एल्वायरा फॉस यांनी ते धुतले व मुलाकडून आकाश बोटीच्या रंगाने पुन्हा रंगवून घेतले. त्यात सही नष्ट झाली. १९९४मध्ये याच मूल्यांकनकर्तीने ते आकाश क्रेलचे ठरवून चुकीची किंमत दिली. ती चूक आहे, हे मालकिणीस तेव्हाही ठाऊक होते, आणि पुढच्या वर्षी मृत्युपत्र करतानाही...’”

तिथे तिने कागद खाली ठेवला. फेब्रुवारीत, पुरण्याच्या दिवशी, ती रडली नव्हती. लोकांनी त्याची नोंदही घेतली होती. आता ती टेबलावर डोकं टेकून रडली, बहात्तर वर्षांची बाई, लहान पोरीसारखी हुंदके देत.

अर्डिसला नेहमी लोकांचं रडून झाल्यावरच बोलावणं यायचं. रडणाऱ्या माणसाशेजारी बसून काय करायचं असतं, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने टॉर्च पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला. मग खुर्ची ओढून ती नेटीच्या अगदी जवळ बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“चुकलं गं माझं, नेटी,” ती म्हणाली. “फार चुकलं.”